फाउलर यांचा प्रयोगकोश : नियम आणि विवेक

प्रस्तावना :
समानार्थी भासणाऱ्या दोन इंग्रजी पदबंधांतून कोणता निवडावा आणि अवघडलेले वाक्य कसे सुधारावे, या प्रश्नांच्या चर्चेत हेन्री वॉटसन फाउलर (१८५८-१९३३) यांच्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ (१९२६) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे.

विवेचन :
फाउलर यांचा लौकिक कठोर नियमकार असा असला, तरी त्यांचा ग्रंथ अनेक रूढ नियमांनाच धक्का देतो. ‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’च हवे, ‘टू’ नको, या आग्रहाला त्यांनी अंधश्रद्धा ठरविले. ‘कम्पेअर टू’ (सादृश्य दाखविणे) आणि ‘कम्पेअर विथ’ (साम्य-भेद तपासणे) यांतील भेद मात्र त्यांनी जपला. कारण तेथे अर्थच बदलतो. त्यांच्या विवेचनाचे खरे मोल या निकषात आहे. ‘दॅट’ आणि ‘विच’ यांची कार्ये विभागावीत, ही त्यांची केवळ सूचना होती. बहुतेक लेखक ती पाळत नाहीत, हेही त्यांनी मान्य केले होते. पुढे अनेक शैलीपुस्तकांनी तिलाच नियमाचे रूप दिले.

या ग्रंथाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याचा अपेक्षित वाचक इंग्रजी मातृभाषक आहे. मराठी विद्यार्थ्याच्या चुकांचे मूळ वेगळे असते. ‘विषयावर चर्चा करणे’ या रचनेतून ‘डिस्कस अबाउट’ येते. ‘रस्त्याने जाताना देऊळ दिसले’ हे निर्दोष मराठी वाक्य. त्याचेच ‘वॉकिंग डाउन द रोड, अ टेम्पल वॉज सीन’ असे रूपांतर केले की इंग्रजीत देऊळच चालू लागते. अशा निराधार धातुसाधितांची चर्चा फाउलर करतात. तथापि मराठीतील अध्याहृत कर्ता इंग्रजीत व्यक्त करावा लागतो, हे कारण तेथे सापडणार नाही. ‘अ‍ॅज वी वॉक्ड डाउन द रोड, वी सॉ अ टेम्पल’ ही दुरुस्ती कारणासह समजली, तरच चूक पुन्हा होत नाही.

समारोप :
१९६५, १९९६ आणि २०१५ मध्ये या ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या; म्हणजे प्रयोग बदलतात, हे त्याच्या परंपरेनेच स्वीकारले आहे. अशा वेळी उत्तरपत्रिकेतील ‘डिफरंट टू’खाली लाल रेघ ओढणे आणि चालणारे देऊळ नजरेआड करणे, हा फाउलर यांचा वारसा नव्हे. अर्थ कोठे ढळतो हे ओळखणारा विवेक, हाच तो वारसा होय.