सांधा

बदलापूर पश्चिमेला पावसाने जरा उसंत दिली तेव्हा खांबाजवळ दोघे बसले होते. एकाने छत्री धरलेली, दुसऱ्याच्या मांडीवर ट्रे. खोदकामात ऑप्टिकल फायबरची केबल तुटली होती, २४ कोर जोडायचे होते. मैफलीला बसावं तसा मी बसलो.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... रंगांचा क्रम ट्रेवाल्याच्या बोटांत होता. आधी एका टोकात सांधा झाकणारी स्लीव्ह ओवायची. ती विसरली तर झालेला सांधा तोडून पुन्हा पहिल्यापासून. मग रंग सोलला की उरते १२५ मायक्रॉनची उघडी काच, साधारण केसाच्या जाडीची. तिच्या पोटात जेमतेम ९ मायक्रॉनची वाट, उजेड जातो तो तिथून. स्पिरिटने पुसताना स्वच्छ काच बारीकशी कुईं करते. त्याने कान दिला, समाधान झालं नाही, पुन्हा पुसली. भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, तो हा आवाज ऐकत होता. माझ्या लेखी साऱ्या कामातली ही सर्वांत सुंदर जागा.

मग क्लीव्हरने टोक सरळ कापलं. जोडणीच्या मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, काच काचेत विरघळली. लॉस ०.०१ डीबी. पण हा मशीनने चित्रावरून बांधलेला अंदाज. खरा निवाडा ओटीडीआर या यंत्राचा: काचेतून माघारी येणाऱ्या क्षीण उजेडावरून तो रेघ काढतो. ही रेघ वाचायला शिकावी. १५५० नॅनोमीटरच्या उजेडाला ती किलोमीटरमागे सुमारे ०.२ डीबीने उतरते. म्हणजे कल्याणहून बदलापूरपर्यंत, लोहमार्गाने साधारण १४ किलोमीटर, उजेड निम्मा तरी उरतोच. वाईट सांधा या रेघेवर पायरी होऊन दिसतो. क्वचित पायरी वर चढते, जणू सांध्यात उजेड वाढला! दोन वेगळ्या घडणीच्या फायबर जुळल्या की हा भास होतो. म्हणून त्याने अंबरनाथच्या टोकाला बसलेल्या साथीदाराला फोन लावला, "तिकडून पण मार रे." दोन्हीकडच्या आकड्यांची सरासरी धरायची. ती आली, आणि त्याने मान डोलावली.

पाऊस पुन्हा भरून आला होता. तरी ट्रेमध्ये फायबरची वेटोळी घालताना त्याने घाई केली नाही. काच मुडपली की उजेड गळतो, म्हणून प्रत्येक वळण मोठं, सैल. आणि मीटरभर जादा लांबी आत ठेवलेली. "पुढच्या वेळी जो उघडेल, त्याला पुरायला पाहिजे ना," तो म्हणाला आणि झाकणाचे स्क्रू आवळू लागला.