लेऑन सुलतान : सनद, नागरिकत्व आणि स्वातंत्र्याचा क्रम

या मालिकेत आपण विचारांची चिकित्सा करत आलो आहोत. आज एका आयुष्याची करू या. लेऑन सुलतान हे ज्यू वकील होते आणि १९४३ साली स्थापन झालेल्या मोरोक्कोच्या कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक होते. सुलतान हे त्यांचं आडनाव, राजघराण्याशी संबंध नाही.

त्यांच्याविषयी बोलताना दोनच सूर लागतात. एक म्हणतो, फॅसिझमशी लढलेला हुतात्मा. दुसरा म्हणतो, स्वातंत्र्याच्या मागणीला पाठ दाखवणारा फ्रेंचांचा माणूस. आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात, कारण दोन्ही एक प्रश्न टाळतात: ज्याला हक्क सत्तेच्या हुकुमानं मिळाले, तो त्या सत्तेकडे कोणत्या नजरेनं पाहील?

तेव्हा आधी हा हुकूम बघू. सुलतान यांचा जन्म १९०५चा, फ्रेंच अल्जेरियातल्या कॉन्स्टंटीन शहरातला. २४ ऑक्टोबर १८७०च्या क्रेमिओ हुकुमानं अल्जेरियातल्या सुमारे ३५ हजार ज्यूंना सरसकट फ्रेंच नागरिकत्व मिळालं. शेजारचे मुसलमान मात्र प्रजाजनच राहिले. म्हणजे बघा, समता आली तीच मुळी फाळणी करत आली. १९२९ मध्ये सुलतान वकिलीसाठी कॅसाब्लांकाला आले. मोरोक्कोवर १९१२पासून फ्रेंचांचं 'संरक्षण' होतं. तिथले स्थानिक ज्यू मोरोक्कोच्या राजाचे प्रजाजन. क्रेमिओ हुकूम त्यांच्यासाठी नव्हताच. धर्म एक, शहर एक, पण कायद्याच्या लेखी दर्जा वेगळा.

१९४०मध्ये फ्रान्स पडला, विशी सरकार आलं, आणि ७ ऑक्टोबरला क्रेमिओ हुकूमच रद्द झाला. सत्तर वर्षांचं नागरिकत्व एका सहीनं गेलं. ज्यूविरोधी कायदे मोरोक्कोतही आले. सुलतान यांची सनद गेली. नोव्हेंबर १९४२मध्ये दोस्त फौजा उतरल्या. आता तरी न्याय होईल, असं कुणालाही वाटावं. पण जनरल जिरो यांनी मार्च १९४३मध्ये तोच हुकूम पुन्हा रद्द केला! नागरिकत्व परत मिळायला ऑक्टोबर उजाडला. हॅना आरेंट यांनी त्याच वर्षी या रद्दीकरणावर लेख लिहिला, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

आता कळीचा मुद्दा. ११ जानेवारी १९४४ला इस्तिकलाल पक्षानं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सुलतान यांच्या पक्षानं त्याला विरोध केला. आधी हिटलरचा पराभव, बाकीचं नंतर. मराठी माणसाला हा युक्तिवाद नवा नाही. १९४२च्या ऑगस्टमध्ये गोवालिया टँकवरून 'चले जाव' निघालं, तेव्हा आपल्याकडच्या कम्युनिस्टांनीही 'लोकयुद्ध' म्हणत वेगळी वाट धरली होती. त्याची किंमत पक्ष पुढे कित्येक वर्षं मोजत राहिला.

सुलतान यांच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे म्हणायला हवी. 'आधी युद्ध' म्हणणारा हा माणूस कॅसाब्लांकात बसून राहिला नाही. तो स्वतः सैन्यात गेला, जखमी झाला आणि १९४५मध्ये वारला. चाळिशीच होती. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेणं म्हणूनच हलकेपणाचं आहे.

पण प्रामाणिकपणा हे युक्तिवादाचं प्रमाण नव्हे. नाझी राजवटीचा धोका खरा होता, तो आधी परतवायचा हेही पटतं. चूक आहे ती 'आधी' या शब्दात लपलेल्या गृहीतकात. विशीचा फ्रान्स वाईट, मुक्त झालेला फ्रान्स चांगला, असं ते गृहीतक. मोरोक्कोच्या शेतमजुराला हा फरक कुठे जाणवत होता? त्याच्यासाठी दोन्ही फ्रान्स एकच होते. आणि जिरो यांच्या सहीनं तर हेच दाखवून दिलं होतं, की 'चांगला' फ्रान्सही वसाहतीत हक्क देतो तो परत घेण्याची मुभा राखूनच. ज्या वकिलाच्या हातून सनद हिसकावली गेली, त्याच्या पक्षाला हा धडा सर्वांआधी उमगायला हवा होता. हक्क मिळवणं आणि हक्काचं उगमस्थान बदलणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अली याता यांच्या नेतृत्वाखाली पक्षानं १९४६मध्ये स्वातंत्र्याची भूमिका घेतली. सुलतान तेव्हा हयात नव्हते. ते असते तर काय म्हणाले असते, हा अंदाज आपण करू नये. आपल्या हाती एवढंच आहे, की कुणी 'तुमचा प्रश्न नंतर' असं म्हटलं, की विचारावं: हा क्रम कुणी ठरवला, आणि ठरवताना तो स्वतः कुठल्या बाजूला उभा होता?

आता प्रश्नांकडे वळू या.