दंतरचना आणि व्यक्तिमत्त्व : 'अनुरूपते'च्या कल्पनेची चिकित्सा

कृत्रिम दात नैसर्गिक वाटला पाहिजे, ही अपेक्षा जुनी आहे. अलीकडे तिच्यात आणखी एका अपेक्षेची भर पडली आहे : तो दात त्या व्यक्तीच्या चेहऱ्याला व स्वभावालाही शोभला पाहिजे. दर्शनी दातांवर पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनीअर, बसविण्याच्या शास्त्रात या दोन्ही अपेक्षा जणू एकच आहेत असे गृहीत धरले जाते. त्या तशा आहेत काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. विषय दंतवैद्यकाचा असला तरी 'अनुरूपता' ही कल्पना सौंदर्यमीमांसेतील आहे. तेव्हा तिची चिकित्सा करण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

व्हिनीअरचा उगम नाट्यव्यवसायाशी निगडित आहे, ही गोष्ट सूचक आहे. १९३० नंतरच्या दशकात चार्ल्स पिंकस या कॅलिफोर्नियातील दंतवैद्याने हॉलिवुडमधील नटनट्यांसाठी असे पापुद्रे तयार केले. कवळी चिकटविण्याच्या भुकटीने ते तात्पुरते बसवीत आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवीत. तो एक प्रामाणिक मुखवटा होता. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने दाताच्या एनॅमलचा पृष्ठभाग खरबरीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट बसते, हे दाखविले. पुढे १९८३ च्या सुमारास पोर्सेलिनची आतील बाजूही आम्लाने कोरून ती दाताशी जोडण्याची पद्धत पुढे आली. मुखवटा कायमचा झाला. तो बसविण्यासाठी बहुधा एनॅमलचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा थर खरवडावा लागतो, आणि एनॅमल पुन्हा उगवत नाही. एक व्हिनीअर काढून दुसरे बसविता येईल, परंतु मूळ दात परत मिळणार नाही. म्हणून येथे सिद्धान्तातील चूक केवळ कागदावर राहत नाही.

अनुरूपतेच्या प्रमुख उपपत्ती तीन आहेत. पहिली जे. लिऑन विल्यम्स यांची, १९१४ ची. चौकोनी, निमुळता आणि अंडाकृती असे दातांचे तीन मूळ आकार मानून त्यांनी असे प्रतिपादिले की, वरचा मधला पटाशीचा दात उलटा धरला असता त्याची बाह्यरेषा चेहऱ्याच्या बाह्यरेषेशी जुळते. ही कल्पना मोहक खरी. परंतु पुढे झालेल्या मोजमापांत चेहरा व दात यांचा असा नियत संबंध आढळला नाही.

दुसरी उपपत्ती फ्रश आणि फिशर यांची. संपूर्ण कवळीच्या संदर्भात १९५० नंतरच्या दशकात त्यांनी लिंग, व्यक्तिमत्त्व आणि वय या तीन घटकांवर दातांची रचना आधारली. तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. एकसारख्या, शुभ्र, रांगेत उभ्या केलेल्या दातांमुळेच कवळी ओळखू येते, हे त्यांनी जाणले. वयपरत्वे होणारी झीज, रंगाची गडद छटा, एखाद्या दाताचे किंचित वळलेले असणे यांना त्यांनी रचनेत स्थान दिले. परंतु स्त्रीचे दात गोलसर व पुरुषाचे कोनदार, हा त्यांचा दुसरा आग्रह मात्र निरीक्षणापेक्षा संकेतावर उभा आहे. नुसत्या दातांवरून स्त्री-पुरुष ओळखणे दंतवैद्यांनाही भरवशाने जमत नाही, असे नंतरच्या पाहण्यांत दिसून आले.

तिसरी उपपत्ती 'व्हिजॅजिझम' या नावाने ओळखली जाते. ब्राझीलमधील चित्रकार फिलिप हॅलावेल यांनी ती विशद केली आणि या शतकात दंतवैद्यकाने ती उचलली. प्राचीन ग्रीक वैद्यकातील कोपिष्ट, उत्साही, विषण्ण व मंद या चार प्रकृती घेऊन प्रत्येकीला विशिष्ट रेषा व दंताकार येथे नेमून दिलेला आहे. ज्या चार रसांवर या प्रकृती उभ्या होत्या ते वैद्यकाने केव्हाच टाकून दिले. त्यांची सावली मात्र दातांवर पुन्हा पडली आहे.

या उपपत्तीत दोन विधाने एकमेकांत मिसळली आहेत. उभी, सरळ रेषा पाहणाऱ्याला कणखर भासते, हे पहिले विधान सौंदर्यविषयक असून ते काही अंशी ग्राह्य ठरेल. अमुक व्यक्ती कणखर आहे, म्हणून तिचे दात तसे असावेत, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निष्पन्न होत नाही. शिवाय निसर्ग दात घडविताना स्वभावाचा विचार करीत नाही. भित्र्या माणसाला रुंद, ठसठशीत पटाशीचे दात असू शकतात आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. म्हणजे स्वभावाशी जुळविलेला दात हा, नेमक्या त्याच कारणाने, नैसर्गिक नसतो. तो भूमिकेला शोभणारा दात असतो. पिंकस यांचा मुखवटा येथे पुन्हा येतो, फक्त तो उतरविण्याची सोय उरत नाही.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली, ती येथे उपयोगी पडतात. गोल चेहऱ्याला गोल दात, कणखर स्वभावाला कणखर रेषा, असा मुख्य भर संवादावरच ठेवला की विरोध लोपतो आणि समतोलाला काही तोलावयासच उरत नाही. नैसर्गिक दंतपंक्तीत विरोध जागोजाग असतो. सुळे पटाशीच्या दातांपेक्षा गडद असतात. कडेशी एनॅमल अर्धपारदर्शक, तर हिरडीजवळ आतील पिवळसर थर अधिक जाणवतो. कोवळ्या दाताच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म आडव्या रेषा वयाबरोबर झिजून जातात. या खुणा स्वभावाच्या नव्हेत. त्या प्रकाशाच्या, काळाच्या आणि वापराच्या आहेत. 'नैसर्गिक' या शब्दाला अर्थ प्राप्त होतो तो त्यांच्यामुळे.

मग व्यक्तीचा विचारच करू नये काय? तसे नाही. परंतु व्यक्ती म्हणजे तिचा प्रकार नव्हे. दात खरवडण्यापूर्वी त्यांवर रेझिनचा तात्पुरता नमुना बसवून पाहण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. तो बसवून त्या माणसास बोलू द्यावे, हसू द्यावे. आपल्या व्याकरणाने 'व' हा वर्ण दंतौष्ठ्य मानला आहे. वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कशी भिडते, हे या उच्चारात तत्काळ कळते आणि दाताची लांबी योग्य की अयोग्य याचा निवाडा होतो. जुनी छायाचित्रे पाहावीत. घरच्या माणसांना तो चेहरा ओळखीचा वाटतो का, ते विचारावे. आणि नमुना नको असे त्या व्यक्तीने म्हटल्यास तो काढून टाकावा.

सारांश, वरील तिन्ही उपपत्तींचा उपयोग प्रश्न म्हणून आहे, उत्तर म्हणून नाही. 'आपण स्वतःला कसे पाहता?' असे रुग्णाला विचारण्याची सवय त्यांनी लावली, तर त्यांचे कार्य झाले. परंतु उत्तर चार खान्यांच्या तक्त्यातून काढले गेले, तर जी व्यक्ती रचनेच्या केंद्रस्थानी असावयाची तीच बाहेर राहते, आणि तिच्या दातांचे एनॅमल मात्र खर्ची पडते.