मेलेल्याची बाजू

पडदा पडला, टाळ्या झाल्या, कलाकार ओळीने पुढे आले. मधल्या नटाने हात जोडून नेहमीची विनंती केली: नाटक आवडलं तर दहा जणांना सांगा, शेवट मात्र कुणाला सांगू नका. माझ्या शेजारच्या काकूंनी समजूतदारपणे मान डोलावली. मध्यंतरात वड्याच्या रांगेत त्यांनी बहिणीशी खुनी कोण यावर पैज लावली होती आणि बहीण जिंकली होती. नवरा, बायको आणि बायकोचा मित्र असा मामला. नवरा दुसऱ्या प्रवेशात संपलेला. घरी येताना रिक्षात मी आठवू लागलो की त्या नवऱ्याचं नाव काय होतं. आठवेना. तो करायचा काय? काहीतरी बिझनेस. त्याची आई, मित्र, त्याचं खाणंपिणं, बायकोशी शेवटचं धड बोलणं? काहीच नाही. दोन तास ज्याच्या मरणाची चौकशी चालली, त्याच्याबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती: त्याचा विमा भरभक्कम होता.

त्या रिक्षात आलेली चीड अजून उतरलेली नाही, म्हणून हा लेख.

रहस्याला सध्या बरे दिवस आहेत. ‘अ परफेक्ट मर्डर’, ‘यू मस्ट डाय’, ‘२ वाजून २२ मिनिटांनी’ अशी नाटकं करत विजय केंकरे आणि नीरज शिरवईकर या जोडीने रहस्यनाट्याला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला. प्रकाश, नेपथ्य, वेग या बाबतीत त्यांचं काम चोख असतं. ओटीटीवर तर दर आठवड्याला एक प्रेत पडतं. ‘देवमाणूस’, ‘मानवत मर्डर्स’ हे वेगळ्या जातीचे. तिथे प्रेतांची रांग आहे, त्रिकोण नाही, म्हणून ते सोडून देतो. भुताखेतांचे रहस्यपटही सोडतो, कारण भुताला हेतू लागत नाही. माझा वाद आहे तो जुन्या, घरगुती गुन्ह्याशी. दोघांच्या संसारात तिसरा येतो, तिघांतलं एक जण मरतं, आणि पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. साहित्यातला हा सर्वांत जुना आणि सर्वांत श्रीमंत ऐवज. आज तो पत्त्यांच्या जादूसारखा खेळला जातो.

पूर्वी असं नव्हतं. ‘डायल एम फॉर मर्डर’ची आठवण सगळ्यांना किल्लीसाठी आणि कात्रीसाठी असते. पण फ्रेडरिक नॉटच्या १९५२च्या नाटकात कात्रीने मरतो तो भाडोत्री मारेकरी, आणि मरण्याआधी नॉट त्याच्यासाठी एक लांबलचक प्रवेश खर्च करतो. नवरा त्याच्यासमोर त्याचा सगळा भूतकाळ मांडतो: जुनी चोरी, बदललेली नावं, फसवलेल्या बायका. एका किरकोळ भामट्यालाही आधी माणूस केलं जातं आणि मगच मारलं जातं.

जेम्स केनच्या १९३४च्या ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’मध्ये फ्रँक ज्याला मारायला निघतो, तो ग्रीक खानावळवाला त्याला मनापासून आवडतो. पहिला प्रयत्न एक मांजर शिडीवर चढून विजेला चिकटल्यामुळे फसतो आणि ग्रीक वाचतो, तेव्हा वाचकालाही हायसं वाटतं. मग तो मरतो तेव्हा जे पोटात कालवतं, ती खरी धास्ती.

आणि या सगळ्यांचा बाप एमिल झोला. ‘तेरेज राकॅं’ आली १८६७ साली. बायको आणि तिचा प्रियकर मिळून किरकिऱ्या, आजारी कामीयला सीन नदीत बुडवतात. बुडताना तो प्रियकराच्या मानेला कडकडून चावतो. खून कुणी केला हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं, लपवायला झोलाकडे काही नसतंच. पण तो व्रण भरत नाही. लग्नाच्या रात्री नवराबायकोच्या मधोमध ओलं, सुजलेलं प्रेत येऊन झोपतं. लकवा झालेली आई खुर्चीत बसून सगळं जाणते आणि बोलू शकत नाही. जिवंतपणी खिजगणतीत नसलेला कामीय मेल्यावर घरभर वाढत जातो. त्रिकोणाचा तिसरा कोन कापला की दोन उरत नाहीत, हे झोलाने दीडशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे.

आपल्याकडेही हे कळलेले लोक आहेत. श्रीराम राघवनच्या ‘अंधाधुन’मधला (२०१८) तो प्रवेश पाहा. पुण्यातलं घर, लग्नाचा वाढदिवस, पियानो वाजवणारा आंधळा, आणि फरशीवर नवऱ्याचं प्रेत. पियानो चालू असतानाच बायको आणि तिचा यार प्रेत बॅगेत भरतात. कौतुक सगळे या प्रवेशाचं करतात, पण तो चालतो आधीच्या पंधरा मिनिटांच्या जोरावर. मेलेला प्रमोद सिन्हा आपल्याला भेटलेला असतो. उतरत्या काळातला नट, आपलीच जुनी गाणी पाहत बसणारा, तरुण बायकोला चकित करायला खासगी मैफल ठरवणारा. भूमिकेत अनिल धवन, आणि पडद्यावरची गाणीही त्याचीच खरी जुनी. म्हणून त्या फरशीवर एक अख्खा काळ आडवा पडलेला असतो. पुढे मूत्रपिंडं, ससा आणि कोलांट्या सुरू होतात तेव्हा प्रमोदचा सगळ्यांना विसर पडतो, दिग्दर्शकालाही, आणि चित्रपट नुसता हुशार उरतो.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘हसीन दिलरुबा’ (२०२१). शेवट सांगतो, कारण न सांगता बोलताच येणार नाही. स्फोटात मेलेला नवरा मेलेलाच नसतो. प्रेत असतं प्रियकराचं, नीलचं, आणि नवऱ्याने पुराव्यासाठी स्वतःचा हात तोडून दिलेला असतो. पतिपत्नी पुन्हा एक झाले, प्रेम जिंकलं! आणि तो नील? एक माणूस खरोखर मेला आहे. त्याच्यासाठी पटकथेत एक उसासाही नाही. त्याची आई त्याला फोन लावत असेल का, हा प्रश्न सुचण्याइतकी फुरसत धक्क्याने कुणाला ठेवलेली नाही. २०२४मध्ये हीच मंडळी दुसऱ्या भागात आग्र्याला पोचली. नील कुठेच पोचला नाही.

धक्का आणि धास्ती यांतला फरक मला इथे दिसतो. धक्का एकदाच बसतो, आणि शेवट फुटला की तोही बसत नाही. धास्ती दहाव्या वाचनालाही लागते, कारण ती माणसाच्या जाण्याची असते. धक्का देण्यासाठी मेलेला माणूस जितका कोरा असेल तितका सोयीचा. कोऱ्या पाटीवर शेवटी काहीही लिहिता येतं.

पाटी कोरी नसेल तर ती पुसलीही जाते. नानावटी प्रकरण घ्या. २७ एप्रिल १९५९ला नौदलाच्या कमांडर नानावटीने पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर तीन गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये शिक्षा कायम केली आणि १९६४मध्ये माफी मिळाली. चार आण्यांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक दोन रुपयांना खपलं, रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्व्हर विकले गेले. मेलेल्या प्रेम आहुजाच्या वाट्याला आला तो एक टॉवेल: झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल सुटला असता, एवढाच त्याचा मूक जबाब. ‘ये रास्ते हैं प्यार के’, ‘अचानक’, आपल्याकडे मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’. सगळ्यांना नानावटी हवा होता. आणि २०१६च्या ‘रुस्तम’ने तर कमालच केली. मेलेल्याला थेट संरक्षण खात्याच्या भ्रष्टाचारात गोवून देशद्रोही करून टाकलं. आता गोळ्या देशासाठी! कोर्टात एकदा आणि पडद्यावर एकदा, त्या माणसाला दोनदा मारलं.

मग सध्या कुणी नीट लिहीत नाही का? लिहितात, पण त्यांना कुणी थ्रिलरवाले म्हणत नाही. जस्टिन त्रिएच्या ‘अ‍ॅनॅटमी ऑफ अ फॉल’ला २०२३मध्ये कानचं सुवर्णपर्ण मिळालं. ग्रनोबलजवळ बर्फातलं घर, वरून पडून मेलेला नवरा, लेखिका बायको आरोपी. ढकललं की उडी मारली? बायकोचे बाहेरचे संबंध कोर्टात उगाळले जातात. तिसरा कोन आहेच. आणि मग मेलेला सॅम्युएल बोलतो. आदल्या दिवशी त्याने चोरून रेकॉर्ड केलेलं भांडण कोर्टात ऐकवलं जातं: माझा वेळ गेला, माझ्या कादंबरीतली कल्पना तू उचललीस, मुलाची शाळा मी घेतो. आपल्याला ते भांडण दिसतं. हातघाई सुरू होताच पडदा पुन्हा कोर्टात येतो आणि नुसते आवाज उरतात. दहा मिनिटांत त्या रडव्या, हेकट, दमलेल्या माणसाची बाजू उभी राहते, तिचीही राहते, आणि निकाल लागूनही गाठ सुटत नाही. शेवट कुणालाही सांगा. चित्रपटाच्या केसालाही धक्का लागत नाही.

आणि मराठीत? मराठीतली सर्वांत थरारक त्रिकोणाची आणि खुनाची गोष्ट मी सांगितली तर रहस्यवाले हसतील. ती आहे १९७२चं ‘सखाराम बाइंडर’. दारू प्यायल्याशिवाय सखारामजवळ जाऊ न शकणारी चंपा, त्याच्या मित्राकडे, दाऊदकडे, जाणारी चंपा, आणि हाकलून दिलेली लक्ष्मी परत येते तेव्हा तिला घरात राहू देणारीही चंपाच. तीच लक्ष्मी सखारामला सगळं सांगते. तो चंपाचा गळा दाबतो. मुंगीशी मायेने बोलणारी लक्ष्मी प्रेत घरातच पुरायला पुढे सरसावते. यात कसलं रहस्य आहे? काही नाही. निळू फुले आणि लालन सारंग यांचं ते नाटक पाहिलेल्यांना विचारा, घरी जाताना त्यांनी पैज लावली होती का!

टीव्हीनेही एकदा चुकून हे सिद्ध केलं. २०१६च्या ‘रात्रीस खेळ चाले’त अण्णा नाईक सुरुवातीलाच गेले. पण प्रत्येकाच्या तोंडी वेगळे अण्णा होते. प्रेक्षकांना मेलेला माणूस इतका हवा झाला की २०१९मध्ये अख्खं पर्व त्यांच्या जिवंतपणाचं, माई आणि शेवंताचं काढावं लागलं. लोकांना खुनीच हवा असतो असं म्हणणाऱ्या निर्मात्यांनी याचं उत्तर द्यावं.

ते म्हणतील, हे करमणुकीचं साहित्य आहे, त्याच्यावर नीतीचं ओझं कशाला? ठीक. मग रोजचं वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर चार ओळी असतात: विवाहितेचा संशयास्पद मृत्यू. आपल्या समाजात संसारातलं संशयास्पद मरण म्हटलं की स्टोव्हचा भडका आठवतो, विहीर आठवते. लग्नानंतर सात वर्षांतल्या अशा मरणासाठी १९८६मध्ये वेगळं कलम करावं लागलं. तरी आमच्या त्रिकोणात मरतो तो विमा उतरवलेला नवरा, आणि मादक बायको सिगारेट ओढत खिडकीशी उभी. ही बाई आली कॅलिफोर्नियाहून, १९४४च्या ‘डबल इन्डेम्निटी’तून. आमच्या घरात ती अजून पाहुणीच आहे.

१९८२ साली पुण्यात लग्नाला चार महिने झालेली मुलगी सायनाइडने गेली. सरकारपक्षाने तिसरी व्यक्ती पुढे केली, खालच्या कोर्टाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं त्या निकालात आहेत. वकिलीच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असतात. पण त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे: त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. न्यायमूर्तींनी ती पुन्हा पुन्हा वाचली, त्यातलं मन चाचपलं, आणि विष दिलं की घेतलं याची खात्री कुणाला देता आली नाही. पुराव्याच्या कायद्याला जे जमलं, मेलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, ते आमच्या नाटककारांना जमू नये?

धक्क्याचा राग मला नाही. राग आहे तो आळसाचा. शेवटच्या पाच मिनिटांसाठी लेखक दोन महिने डोकं खाजवतात आणि मरणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत एक धड वाक्य देत नाहीत.

म्हणून त्या रात्रीची विनंती मी आता मोडतो. खून बायकोने केला, मित्राला अडकवून. सांगून टाकलं. यामुळे त्या नाटकाचं तिकीट खपणार नसेल, तर ते शेवट फुटल्यामुळे नव्हे. तिथे कुणी मेलंच नव्हतं.