तीन महिन्यांची साखर?

शिक्षकांसाठी काढलेली मधुमेहाची एक माहितीपुस्तिका नुकतीच आमच्या वाचनात आली. भाषा सोपी, आकृत्या नेटक्या. इन्शुलिनवरचे पान तर वर्गात जसेच्या तसे वाचून दाखवावे असे. 'एचबीए१सी' चाचणीपाशी मात्र लेखक घसरले आहेत. 'ही चाचणी गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर मोजते. तिच्यात चूक होत नाही,' असे ते ठामपणे लिहितात.

मुळात ही चाचणी साखर मोजतच नाही. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. अशा हिमोग्लोबिनचे एकूणाशी प्रमाण किती, एवढेच ती सांगते. 'तीन महिने' आले ते तांबड्या पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावरून. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि ती वाढलेली असूनही आकडा कमी येतो. शिवाय या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात रुग्णाजवळ 'ए' हिमोग्लोबिन नसतेच. मग 'ए१सी' येणार कुठून? (काही यंत्रे तरीही आकडा छापून मोकळी होतात!)

वाहकाची गोष्ट निराळी. त्याची पेशी पुरेशी जगते. पण बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने रेणूचा विद्युतभार बदलतो. भारावरून हिमोग्लोबिन वेगळे करणाऱ्या काही पद्धती त्यामुळे फसू शकतात. बोरोनेट पद्धत चिकटलेली साखरच पकडते, म्हणून ती सहसा फसत नाही. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपाशीपोटीची साखर सारखी असूनही वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी आढळला. निदानाची रेषा ६.५ टक्क्यांवर असताना हा फरक किरकोळ कसा म्हणावा?

सोपे करायचे तर तपशील गाळावे लागतात, हे मान्य. (लोहाच्या कमतरतेने हाच आकडा उलट वाढू शकतो, तेही आम्ही सोडून देऊ.) पण 'चूक होत नाही' हे सोपे करणे नव्हे. गडचिरोली-नंदुरबारकडच्या एखाद्या शिक्षकाने ते वाक्य पालकांना सांगितले, तर ज्याला उपचार हवेत तोच निर्धास्त घरी जाईल.

नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर शिक्षकांनी ते वाक्य खोडावे व समासात लिहावे: 'सिकलसेलचा रुग्ण वा वाहक असल्यास डॉक्टरांना आधी सांगा, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर थेट तपासून घ्या.'