विसाव्या शिकारीचे मोल: ‘मॉन्स्टर हंटर’ आणि पुनरावृत्तीची कला

व्हिडिओ गेमच्या समीक्षेत ‘ग्राइंड’ हा शब्द बहुतेक वेळा दोष दाखवण्यासाठी वापरला जातो. एखादे शस्त्र, बक्षीस किंवा पुढची पातळी पदरात पडावी म्हणून खेळाडूला तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागणे, असा त्याचा अर्थ असून, खेळाची लांबी कृत्रिमपणे वाढवण्याची ती एक युक्ती आहे, असे समीक्षक सहसा मानतात. महाकाय श्वापदांच्या शिकारीवर आधारलेला खेळप्रकार मात्र या समजुतीला छेद देतो, कारण त्यात पुनरावृत्ती हा संपूर्ण रचनेचा पाया आहे, आणि तरीही ओसाकातील कॅपकॉम या कंपनीने २००४ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी आणलेल्या ‘मॉन्स्टर हंटर’पासून सुरू झालेली ही परंपरा दोन दशकांनंतरही लोकप्रिय आहे. २०१८ च्या ‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’च्या २ कोटींहून अधिक प्रती खपल्या, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर: वाइल्ड्स’ने महिन्याभरातच १ कोटीचा टप्पा गाठला. तेच श्वापद विसाव्यांदा मारताना खेळाडूला आनंद का मिळतो, आणि तो आनंद कोणत्या रचनेत टिकतो व कोणत्या रचनेत नासतो, हा या कलेच्या आजच्या स्थितीचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

या खेळांची मूळ रचना साधी आहे. खेळाडू वस्तीतून एखादी कामगिरी स्वीकारतो, रानात जाऊन ठरलेल्या मुदतीत, जी परंपरेने ५० मिनिटांची असते, श्वापदाला ठार करतो किंवा सापळ्यात जिवंत पकडतो, त्याचे खवले, शिंगे, नखे व कातडी घेऊन परततो आणि लोहाराकडून त्यांची शस्त्रे व चिलखते घडवून घेतो, ज्यांच्या बळावर पुढच्या, अधिक बलाढ्य श्वापदाला सामोरे जाता येते. संगणकावरील बहुतेक भूमिकाप्रधान खेळांत अनुभवाचे गुण साठत जातात आणि पात्राची शक्ती आपोआप वाढते. येथे शिकाऱ्याच्या शरीराला अशी पातळी जवळजवळ नसते, त्याचे बळ त्याच्या अंगावरील साहित्यात आणि खेळाडूच्या स्वतःच्या हातात असते. परिणामी चांगले चिलखत चुकांची किंमत कमी करू शकते, परंतु श्वापदाचा हल्ला केव्हा येणार हे ओळखण्याचे काम कोणतेही चिलखत करत नाही.

पुनरावृत्तीला अर्थ देणारी पहिली गोष्ट म्हणजे लढाईची घडण. एकदा सुरू केलेला वार सहसा मध्येच थांबवता येत नाही. अवजड ‘ग्रेट स्वोर्ड’ उचलल्यापासून ती खाली येईपर्यंतच्या काळात शिकारी आपल्या निर्णयाला बांधलेला असतो, म्हणून प्रत्येक वार हा पुढच्या क्षणी श्वापद काय करील याविषयीचा अंदाज असतो. हा अंदाज बांधण्यासाठी लागणारी माहिती पडद्यावरच्या आकड्यांतून मिळत नाही, कारण श्वापदाची उरलेली प्राणशक्ती दाखवणारी पट्टी या मालिकेने मुद्दाम टाळली आहे. श्वापद चवताळले की त्याच्या तोंडातून वाफेचे फूत्कार निघतात, थकले की लाळ गळते, मरणाला टेकले की ते लंगडत आपल्या गुहेकडे निघते. खेळाडूने वाचायचे असते ते त्याचे शरीर. पहिल्या भेटीत हे सारे गोंधळाचे वाटते, पाचव्या भेटीत त्यातील काही खुणा ओळखू येतात, आणि विसाव्या भेटीपर्यंत हल्ल्यापूर्वीची मानेची किंचित हालचालही पुरेशी ठरते.

शिकवण्याचा हा क्रम रचनाकारांनी काळजीपूर्वक आखलेला आहे. सुरुवातीच्या खेळांत भेटणारा यान कुत-कू हा मोठ्या कानांचा पक्षीसदृश प्राणी याचे उत्तम उदाहरण असून, जपानी खेळाडू त्याला आदराने ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत आले आहेत. धावून येणे, शेपटी फिरवून गोल वळणे, आग थुंकणे हे त्याचे हल्ले पुढे रॅथियन आणि रॅथॅलॉस या कितीतरी अधिक घातक श्वापदांत वाढीव रूपात येतात, त्यामुळे त्याच्याशी लढताना बाजूला सरकून उभे राहण्याची लागलेली सवय नंतर प्राण वाचवते. टायग्रेक्स आणि नार्गाकुगा यांच्यासारखी श्वापदे एकाच प्रकारच्या सांगाड्यावर बेतलेली असली, तरी पहिले बेफाम धावून येते आणि दुसरे दबा धरून बाजूला झेपावते. म्हणजे ओळखीच्या चालीत अनोळखी भाव मिसळून खेळाडूला जुने ज्ञान वापरायला आणि त्याच वेळी तपासून पाहायलाही लावले जाते. तालमीतला मल्ल रोज त्याच जोडीदाराशी लढतो तेव्हा डाव तेच असतात, वाढते ती त्या डावांची जाण. शिकारखेळातील पुनरावृत्ती या जातीची आहे. यात श्वापद बदलत नाही, खेळाडू बदलतो, आणि हा बदल त्याला स्वतःला मोजता येतो, कारण ज्या शिकारीला पूर्वी चाळीस मिनिटे लागत आणि तीत दोनदा बेशुद्ध पडावे लागे, तीच आता दहा मिनिटांत सहज पार पडते.

पुनरावृत्तीचा दुसरा आधार मात्र कौशल्याचा नसून दैवाचा आहे. फ्रेंच विचारवंत रोझे कय्वा यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळविषयक ग्रंथात खेळांची जी वर्गवारी मांडली, तीत ‘अगॉन’ म्हणजे कौशल्याची स्पर्धा आणि ‘आलेआ’ म्हणजे नशिबाचा कौल हे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. शिकारखेळात हे दोन्ही एकाच कृतीत गुंफलेले असतात: शिकार होते कौशल्याने, पण मेलेल्या श्वापदाच्या अंगातून काय हाती लागेल हे ठरते संभाव्यतेने. दुर्मीळ घटक मिळण्याची शक्यता अनेकदा दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते. ती तीन टक्के धरली आणि प्रत्येक शिकारीत एकच संधी मानली, तर २३ प्रयत्नांनंतरही तो घटक मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी होते, आणि १०० प्रयत्नांनंतरही शंभरांतले सुमारे पाच खेळाडू रिकाम्या हातांनी परततात. ज्याची आस लागली आहे तेच नेमके मिळत नाही, या सार्वत्रिक अनुभवातून जपानी खेळाडूंनी ‘बुत्सुयोकु सेन्सर’ नावाची कल्पना रूढ केली. खेळाडूचा लोभ ओळखून यंत्र तीच वस्तू अडवून ठेवते, असा तिचा आशय आहे. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस वर्तनाला अत्यंत चिवट बनवते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवले होते, आणि जुगाराच्या यंत्रांची ताकद याच तत्त्वात असल्यामुळे शिकारखेळांवरील आक्षेपही येथूनच सुरू होतो.

हा आक्षेप गंभीर आहे, पण पूर्ण नाही, कारण उत्तम शिकारखेळ नशिबाच्या कौलातही खेळाडूला हस्तक्षेपाची जागा ठेवतो. शेपूट तोडली तर तिच्यातून वेगळे साहित्य मिळते, शिंग किंवा पंख फोडले तर त्या अवयवाशी संबंधित घटकाची शक्यता निर्माण होते, जिवंत पकडले तर बक्षिसांची यादीच बदलते; त्यामुळे कोणता घटक हवा आहे यावरून लढण्याची पद्धत ठरते आणि तीच शिकार वेगळा प्रश्न घेऊन उभी राहते. शेपटीसाठी धारदार शस्त्र लागते, डोके फोडून श्वापदाला भोवळ आणायची तर हातोडा उपयोगी पडतो. अलीकडच्या खेळांत शस्त्रांचे १४ प्रकार असून त्यांतील प्रत्येकाची लय स्वतंत्र आहे, इतकी की शस्त्र बदलणाऱ्या अनुभवी खेळाडूला ओळखीचे श्वापद पुन्हा नव्याने शिकावे लागते. उद्दिष्टही खेळाडूने स्वतः निवडलेले असते, आणि स्वतः निवडलेल्या कामातली पुनरावृत्ती लादलेल्या कामापेक्षा वेगळी वाटते.

तिसरा आधार सहवासाचा आहे. पहिला ‘मॉन्स्टर हंटर’ इंटरनेटवरून खेळण्यासाठी योजलेला होता, पण जपानमध्ये त्याचे लोकप्रियतेत रूपांतर झाले ते २००५ पासून प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात मावणाऱ्या यंत्रावर आलेल्या आवृत्त्यांमुळे, कारण समोरासमोर बसलेले चौघे आपापली यंत्रे बिनतारी जोडून एकत्र शिकार करू शकत होते. २०१० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘पोर्टेबल थर्ड’च्या एकट्या जपानमध्ये ४० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या सहकार्याला खेळाचे नियम धार देतात: सहसा संपूर्ण गटाच्या मिळून तीन बेशुद्धी झाल्या की शिकार फसत असल्याने एकाची घाई सर्वांची मेहनत वाया घालवू शकते, आणि दुसऱ्याला हवा असलेला घटक मिळावा म्हणून स्वतःला गरज नसलेली शिकार पुन्हा करणे हा या खेळातला नित्याचा शिष्टाचार ठरतो.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतील बदलांचे मूल्यमापन करावे लागते. ‘वर्ल्ड’ने जुन्या खेळांतील अनेक अडचणी दूर केल्या: तुकड्या-तुकड्यांत विभागलेला नकाशा सलग झाला, औषध पिताना जागीच खिळून राहण्याची सक्ती गेली, श्वापदाचा माग काजव्यांसारखे कीटक दाखवू लागले. यांतील बहुतेक अडचणी लढाईच्या बाहेरच्या होत्या, म्हणून त्या गेल्याने शिकारीचा गाभा अधिक उजळ झाला आणि मालिका जपानबाहेर खऱ्या अर्थाने पसरली. ‘वाइल्ड्स’मध्ये मात्र सुलभतेचा हा ओघ गाभ्यापर्यंत पोहोचला आहे. सेइक्रेट हा वाहनपक्षी शिकाऱ्याला आपोआप लक्ष्यापर्यंत नेतो, त्यामुळे रान ओळखण्याची गरज कमी होते; एकाच जागी वार करून जखम उघडायची आणि ती फोडून श्वापदाला कोलमडवायचे, ही नवी योजना हाताला समाधान देणारी असली, तरी तिच्यामुळे श्वापदाला आपले डाव टाकण्याची उसंतच मिळत नाही. अनेक अनुभवी खेळाडूंनी खेळ फार सोपा असल्याची आणि कथाभागानंतर शिकारीला पुरेसे कारण उरत नसल्याची तक्रार केली, संगणकावरील आवृत्तीच्या तांत्रिक अडचणींनी त्या नाराजीत भर घातली, आणि विक्रमी सुरुवातीनंतर पुढच्या तिमाहीत विक्री झपाट्याने ओसरली. जे श्वापद पाचव्या भेटीत काही शिकवत नाही, त्याची विसावी भेट केवळ साहित्याच्या हिशेबापुरती उरते.

दुसरा धोका नशिबाचे पारडे जड होण्याचा आहे. ‘वर्ल्ड’मधील कुल्वे तारोथ या सोनेरी श्वापदाच्या शिकारीत शस्त्रे घडवण्याऐवजी सोडतीसारखी मिळू लागली, तेव्हा श्वापदाच्या अवयवापासून शस्त्रापर्यंत जाणारा स्पष्ट मार्ग तुटला आणि नेमके काय करावे या प्रश्नाला ‘पुन्हा करून पाहावे’ एवढेच उत्तर उरले. २०२३ मध्ये मोबाइलवर आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर नाउ’ने शिकारीची मुदत ७५ सेकंदांवर आणली, आणि तेथे शिकारीला उपयोगी वस्तू पैसे देऊनही घेता येतात. रस्त्यात येता-जाता खेळण्यासाठी ही आटोपशीर घडण समजण्यासारखी आहे. पण जेथे पुनरावृत्ती टाळण्यासाठी पैसे मोजता येतात, तेथे ती कंटाळवाणी ठेवण्यातच विक्रेत्याचे हित निर्माण होते. इतर कंपन्यांनीही या खेळप्रकारात आपापले प्रयत्न केले. २०१० च्या ‘गॉड ईटर’ने वेग आणि कथेवर भर देऊन स्वतःचा वेगळा चेहरा शोधला, २०२३ च्या ‘वाइल्ड हार्ट्स’ने लढतानाच लाकडी यंत्ररचना उभारण्याची खरोखर नवी कल्पना आणली, तर २०१९ मध्ये विनामूल्य म्हणून सुरू झालेला ‘डॉन्टलेस’ मे २०२५ मध्ये बंद झाला.

शिकारखेळांतील पुनरावृत्तीचा आनंद म्हणूनच व्यसनाच्या एका शब्दात निकालात काढता येत नाही आणि त्याचे सरसकट समर्थनही करता येत नाही. कौशल्य, दैव आणि सहवास यांच्यातील समतोल हे या कलेचे खरे कसब असून, त्यांतील कौशल्याचा अंश क्षीण झाला की उरलेले दोन खेळाडूला काही काळ गुंतवून ठेवू शकतात, समृद्ध करू शकत नाहीत. श्वापदांची संख्या, चित्रांचा झगमगाट किंवा पहिल्या आठवड्याची विक्री यांवरून या खेळांची प्रत ठरवणे अपुरे आहे. विसाव्या शिकारीतही खेळाडूला स्वतःची एखादी चूक सापडते का आणि ती सुधारण्याची जागा मिळते का, हाच त्यांच्या मूल्यमापनाचा निकष असला पाहिजे, आणि येणाऱ्या प्रत्येक शिकारखेळाची परीक्षा समीक्षकांनी व खेळाडूंनी त्याच निकषावर घ्यावी.