पावणेदोनची गाडी आणि पाकळीचा ल

दहावी-बारावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत रसग्रहणाला ठरलेले तीन कप्पे असतात : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. पोरं आधी हे तीन मथळे आखून घेतात आणि मग कविता वाचतात. तीच पोरं पदवीला येतात, स्वतःची वेबसाइट करतात आणि एकमेकांच्या साइटवर अभिप्राय लिहायची वेळ आली की ‘मस्त’, ‘लय भारी’, ‘कलर छान’ यापुढे त्यांचं पेन सरकत नाही. वेब तंत्रज्ञान हा विषय शिकवताना हे मी नेहमी बघतो. यंदा मात्र दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची साइट आणि त्या साइटवर वर्गाने लिहून दिलेल्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याजोग्या निघाल्या. तिच्या परवानगीने, पण नाव न घेता, हे त्या दोन्हींचं रसग्रहण.

नेमून दिलेलं काम साधं होतं. स्वतःची ओळख सांगणारी वेबसाइट करायची, तयार टेम्प्लेट वापरायचं नाही, एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहायचं. वर्गातल्या सगळ्यांनी प्रत्येक साइट आपापल्या फोनवर उघडायची आणि वहीच्या पानावर अभिप्राय लिहायचा.

बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते. वर ‘वेलकम टू माय वेबसाइट’, खाली गॉगल लावलेला फोटो आणि त्याखाली कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या : एचटीएमएल नव्वद टक्के, जावास्क्रिप्ट सत्तर टक्के. उरलेलं दहा टक्के एचटीएमएल कुठे राहिलं, हे कोणी विचारत नाही. या मुलीच्या पहिल्या पानावर पट्टी नाही, स्वतःचा फोटो नाही, स्वागतही नाही. वर मोठ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली एकच वाक्य : ‘मी चंदगड तालुक्यातली, काजूच्या कारखान्याशेजारी वाढले, आता कोड शिकते आणि गावाला उपयोगी पडतील अशी पानं करते.’ मग तीन दुवे : ‘काय केलं’, ‘काय चाललंय’, ‘कुठे भेटेन’.

या वाक्यात चार क्रियापदं बसतील एवढी माहिती आहे, पण विशेषण एकच आहे, ‘उपयोगी’, आणि तेही तिच्या कामाला लागतं, तिला नाही. वेबसाइटच्या पहिल्या वाक्याने काय करावं याचा धडा वेबच्या जन्मापासून आपल्यासमोर आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तयार करून १९९१ साली जगापुढे ठेवलेल्या पहिल्या वेबपानाची जपलेली प्रत आजही बघता येते. त्यात चित्र नाही, सजावट नाही. हा प्रकल्प काय आहे हे पहिलंच वाक्य सांगतं आणि खाली दुव्यांची यादी सुरू होते. त्या यादीत एक दुवा मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे वाचणाऱ्याने नुसतं वाचून निघून जाऊ नये, काहीतरी हातभार लावावा, ही अपेक्षा वेबच्या पहिल्या पानावरच नोंदलेली आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे : ‘काही खटकलं तर नेमकं कुठे ते सांगा.’ ‘नेमकं कुठे’ हे दोन शब्द तिने घातले, आणि चिठ्ठ्यांचा दर्जा बदलला तो बहुधा त्या दोन शब्दांमुळे.

साइटचा गाभा ‘काय केलं’ या पानावर आहे. तिथे तिच्या गावावरून जाणाऱ्या एसटी गाड्यांचं वेळापत्रक आहे. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, पण कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. त्यामुळे दोन राज्यांच्या गाड्या, दोन स्टँड, आणि वेळ विचारायला कंडक्टर नाहीतर टपरीवाला. तिने स्टँडवर उभं राहून वेळा उतरवून घेतल्या आणि सहा रकान्यांचं टेबल केलं. लॅपटॉपवर ते नीटनेटकं दिसत होतं. फोनवर मात्र उजवे तीन रकाने पडद्याबाहेर गेले, आणि वेळ नेमकी त्या बाहेर गेलेल्या रकान्यांत होती. एका मित्राने चिठ्ठीत लिहिलं : ‘गाडी सुटायची वेळ आली असताना मी तुझं टेबल उजवीकडे ढकलत बसू का? आधी वेळ दे, गाव नंतर.’

हा अभिप्राय मला फार आवडला, कारण त्यात वापरणाऱ्या माणसाची घाई आहे. तिने टेबल मोडलं. आता फोनवर प्रत्येक गाडी एका आडव्या ओळीत येते : डावीकडे ठळक वेळ, तिच्या उजवीकडे कुठून-कुठे. एसटीच्या फलकावर १३.४५ असं लिहिलेलं असतं, पण गावात कोणी ‘तेरा पंचेचाळीसची गाडी’ म्हणत नाही. तिच्या पानावर ‘दुपारी पावणेदोन’ असं आहे आणि शेजारी बारीक अक्षरात १३.४५. कोडला आकडा हवा असतो, माणसाला पावणेदोन हवे असतात, आणि तिने दोघांनाही नाराज केलं नाही. प्रत्येक मार्गाखाली ‘स्टँडवर शेवटचं पडताळलं’ असं लिहून तारीख दिली आहे. वेळापत्रक शिळं होऊ शकतं हे आधीच सांगणारी ही ओळ कोणी सुचवली नव्हती. तिला स्वतःलाच ती सुचली.

आता रूपाकडे वळू. पहिल्या आराखड्यात तिने मथळे पिकल्या काजूबोंडाच्या पिवळ्या रंगात केले होते, तेही पांढऱ्यावर. कल्पना सुंदर होती, पण अक्षरं वाचता येत नव्हती. वेबवरच्या मजकुराच्या सुगमतेचे जे जागतिक निकष आहेत, त्यांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं लागतं. पांढऱ्यावरचा पिवळा त्याच्या जवळपासही जात नाही. वर्गात हे निकष मी शिकवले होते, परीक्षेपुरते ते सगळ्यांना पाठही होते. पण चिठ्ठीतली मैत्रीण निकषांबद्दल काही बोलली नाही. तिने लिहिलं : ‘अगं, कॉलेजच्या गेटबाहेर उन्हात उभी राहून उघडलं. नुसतं पांढरं दिसलं.’ पिवळा आता पानाच्या कडेला एका जाड रेघेपुरता उरला आहे आणि मजकूर गडद तपकिरी आहे. बोंडाचा रंग आहे, पण तो आता वाचण्याच्या आड येत नाही.

नावाच्या मथळ्यात तिने अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. रोमन लिपीत ही सवय खपते, अक्षरं मोकळी दिसतात. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. यावरची चिठ्ठी मागच्या बाकावरून आली : ‘तुझ्या नावाचा पत्रा उसवलाय, पाऊस आत येईल.’ सगळा वर्ग हसला आणि अंतर शून्यावर आलं. ओळींमधली जागा मात्र तिने उलट वाढवली, तीही तशाच कारणाने. मराठीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार वर चढतात. इंग्रजीला पुरणारी जागा ठेवली की दोघांची टक्कर होते. आता दोन ओळींत अक्षराच्या आकाराच्या पावणेदोन पटीइतकी जागा आहे, आणि मोठा परिच्छेदही डोळ्यांना त्रास न देता वाचता येतो.

सगळ्यांत बारीक नजरेची चिठ्ठी एका शांत मुलाची होती. ‘तुझ्या पानावरची ‘शाळा’ हिंदी पुस्तकातली वाटते. काहीतरी परकं आहे, काय ते सांगता येत नाही.’ त्याला सांगता आलं नाही, पण त्याला ते दिसलं होतं. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणं प्रमाण ठरवली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांमुळे डोळ्यांना तीच सरावाची झाली आहेत. देवनागरीच्या अनेक फाँटमध्ये मात्र आधी हिंदी वळण येतं आणि मराठी वळण आत राखून ठेवलेलं असतं. हे पान मराठीत आहे असं ब्राउझरला सांगितलं की ते बाहेर येतं. सांगायची जागा म्हणजे पानाच्या कोडची अगदी पहिली खूण. तिथे ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. एडिटरने तिथे आपोआप ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, भरलं होतं आणि ते तिने तसंच राहू दिलं होतं. ‘एमआर’ केल्याबरोबर तिच्या सगळ्या पानांवरचे ल आणि श मराठी झाले. दोन अक्षरं बदलली, तर अख्ख्या साइटचा चेहरा बदलला.

त्या दोन अक्षरांचा दुसरा उपयोग कानाला कळतो. दृष्टिहीनांसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा हे तिथूनच ओळखतात. एका मुलाने फोनवरचा वाचणारा आवाज चालू करून तिची साइट ऐकली आणि एकच तक्रार लिहिली : ‘फोटोपाशी आला की आयएमजी अंडरस्कोर आणि लांबलचक नंबर वाचतो.’ फोटो न दिसणाऱ्यासाठी जो पर्यायी मजकूर द्यायचा असतो, त्या जागी तिने फाइलचं नाव टाकून दिलं होतं. आता तिथे लिहिलं आहे : ‘अंगणात वाळत घातलेल्या काजूबिया. मागे आजी पाठमोरी, हातात खराटा.’

या साइटवरचं सर्वांत सुंदर वाक्य हेच, आणि ते डोळस वाचकाला दिसतच नाही. चित्राचं वर्णन करताना आपण ‘निसर्गरम्य’, ‘मनमोहक’ असं काही लिहून मोकळे होतो. इथे दिसणाऱ्या वस्तू आहेत, त्यांचा क्रम आहे आणि खराट्यामुळे काम चालू असल्याचं कळतं. एकीने विचारलं होतं, ‘आजीचा चेहरा का नाही?’ आमच्या विद्यार्थिनीचं उत्तर : ‘आजीला विचारलं, ती नको म्हणाली.’ जवळच्या माणसांना आपल्या पानावर किती आणायचं, हा प्रश्न वैयक्तिक वेबसाइटइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या जस्टिन हॉलने जानेवारी १९९४ मध्ये स्वतःचं पान सुरू केलं आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर घर, मैत्री, प्रेम सगळं उघडपणे लिहिलं. वैयक्तिक लेखनाचा वेबवरचा एक आद्य प्रवर्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण आपल्याबद्दल लिहिताना जवळची माणसंही त्यात ओढली जातात, त्यांना ते चालेल का, हा पेच त्याला सुटला नाही आणि २००५ साली त्याने रोजनिशी थांबवली. आमच्या विद्यार्थिनीने हा पेच पाठमोऱ्या आजीपुरता तरी सोडवला आहे.

तिने प्रत्येक चिठ्ठी मानली असं नाही, आणि तेही बरंच झालं. ‘इंग्रजीत कर, नोकरी देणाऱ्याला मराठी कळणार आहे का?’ हा सल्ला अनेकांनी दिला. तिने इंग्रजीत एक वेगळं पान केलं, पण दारात मराठीच ठेवली. कारण वेळापत्रक ज्यांच्यासाठी आहे त्यांना नोकरी द्यायची नाही, गाडी पकडायची आहे. ‘डार्क मोड टाक’, ‘फोटो आपोआप सरकू देत’ या सूचना तिने बाजूला ठेवल्या. कोणी काय सुचवलं यापेक्षा कोण कुठे अडलं, हे तिने चिठ्ठ्यांमधून शोधलं. मित्र सुचवतात ते त्यांच्या आवडीचं असतं, पण ते जिथे अडतात ती अडचण पानातलीच असते. अभिप्राय घेणाऱ्याला एवढं वेगळं करता आलं की अर्धं काम झालं.

रसग्रहण म्हणजे निव्वळ गुणगान नव्हे, म्हणून उणीवही सांगतो. ‘काय चाललंय’ या पानावर तिने स्वतःबद्दल एक परिच्छेद लिहिला आहे. त्यात ‘नवनवीन तंत्रज्ञान आत्मसात करण्याची तीव्र आवड’, ‘संघभावनेने काम करण्याची क्षमता’ अशी वाक्यं आहेत. पहिल्या पानावर काजूच्या कारखान्याशेजारी वाढलेली मुलगी इथे अचानक नोकरीच्या अर्जातली उमेदवार होते. ‘पावणेदोन’ लिहिणारा हात हा नाही, हे कोणालाही कळावं. पण चिठ्ठ्यांच्या सबंध गठ्ठ्यात या परिच्छेदावर एक शब्द नाही. रंग, फटी, टेबल, अक्षरांची वळणं सगळ्यांनी टिपली. वाक्यं कोणी वाचलीच नाहीत. वेबसाइट ही बघायची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. डिझाइनच्या वर्गात तर हे धरून चालणं अंगवळणी पडलेलं असतं, आणि त्यात माझ्या शिकवण्याचाही वाटा आहे. पुढच्या वर्षी चिठ्ठीवर एक ओळ आधीच छापून देणार आहे : ‘या पानावरचं कोणतं वाक्य लिहिणाऱ्याचं स्वतःचं वाटलं नाही?’

एवढी उणीव धरूनही ही साइट मी विद्यार्थ्यांनी केलेल्या चांगल्या कामांत मोजतो. या विद्यार्थिनीला गावाचं अगत्य आहे पण गहिवर नाही, लिपीची जाण आहे आणि ‘नको’ म्हणायची हिंमतही आहे. त्यातली निम्मी जाण तिला वर्गाने दिली, हे चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसतं. तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या कॉलेजच्या मुलाने आपल्या वेबसाइटचा दुवा पाठवला, तर अंगठा दाखवून मोकळे होऊ नका. दहा मिनिटं काढा, ती फोनवर उघडा, सगळी वाक्यं वाचा आणि तुम्ही कुठे अडलात ती एक जागा त्याला लिहून कळवा.